कपिलधारची यात्रा आणि 'दहा तासांपर्यंत'चा बॅकअप

पोस्ट मोठी आहे. घरात कुणी पोरगं गेमिंग लॅपटॉपसाठी हट्ट धरून बसलं असेल, किंवा तुम्ही माझ्यासारखे व्हिडिओ एडिटिंगसाठी असं मशीन घ्यायच्या विचारात असाल, तर वाचा. बाकीच्यांनी सोडून दिली तरी राग नाही.

गोष्ट १५ नोव्हेंबर २०२४ ची. कार्तिक पौर्णिमा, शुक्रवार. पाच दिवसांवर विधानसभेचं मतदान, त्यामुळे जिल्ह्यातला प्रत्येक पत्रकार दोन्ही पायांवर पळत होता. आणि त्यातच कपिलधारची यात्रा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की आत डोंगराच्या कुशीत, दरीत उतरून मन्मथस्वामींची संजीवन समाधी आहे. पावसाळ्यात धबधबा बघायला पोरंसोरं येतात, पण कार्तिकात येतात ते वीरशैव लिंगायत समाजाचे भाविक. लातूर, नांदेड, परभणीकडून, शिवाय कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या पायी येतात. दरवर्षी मी ही यात्रा करतो, म्हणजे कव्हर करतो.

त्या वर्षी माझ्याकडे नवं हत्यार होतं. दिवाळीच्या पाडव्याला घेतलेला गेमिंग लॅपटॉप. किंमत ७८ हजार. निम्मे बायकोच्या भिशीचे, निम्मे हप्त्यावर. मी काही गेम खेळत नाही. मोबाइलवर सापशिडीसुद्धा नाही. पण दुकानदार म्हणाला, "सर, एडिटिंग करायचं तर गेमिंगचंच घ्या. ग्राफिक्स कार्ड आहे, लई पळतंय." त्यात तो खोटं बोलला नाही. आमच्यासारख्या यूट्यूब चॅनलवाल्यांत आता निम्म्यांकडे हीच मशीनं आहेत. मी विचारलं, "बॅकअप किती?" तो म्हणाला, "दहा तास." खोक्यावर 'दहा तासांपर्यंत' असं होतं. 'पर्यंत' त्याने गाळलं, आणि मीही वाचलं नाही. सेलच्या पाटीवर '५० टक्क्यांपर्यंत सूट' वाचून आत गेल्यावर आपल्याला हवा तो शर्ट दहा टक्क्यांतच असतो, हे चाळीशी उलटलेल्या माणसाला माहीत असायला हवं होतं.

प्लॅन सरळ होता. सकाळी शूट, तिथेच बसून चार मिनिटांचं पॅकेज कापायचं, मग वर फाट्यावर येऊन नेटवर्क मिळालं की पाठवायचं आणि दुपारी प्रचारसभेला पळायचं. घरून १०० टक्के चार्ज करून निघालो. दहा तास म्हणजे संध्याकाळपर्यंत चिंता नाही. एका प्रसादाच्या दुकानामागे सावली बघून बसलो. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून ब्राइटनेस फुल्ल. क्लिपा टाकल्या, कापल्या, आवाज लावला, नावाच्या पट्ट्या टाकल्या. शेवटी रेंडर लावलं. सुरू केल्यापासून सव्वा तास झाला असेल. रेंडर ६० टक्क्यांवर आलं आणि स्क्रीन काळी. मला वाटलं हँग झालं. बटण दाबलं तर रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं.

गाडीतल्या लायटरला लावायचा छोटा इन्व्हर्टर माझ्याकडे होता, दीडशे वॉटचा. जुन्या लॅपटॉपला तो पुरायचा. या मशीनचा अडॅप्टर आहे २३० वॉटचा, विटेएवढा. लावला की इन्व्हर्टर पीं पीं करून बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, आमचं दोन बल्ब बॅटरीवर चालायलेत. तुमचं हे येवढं मोठं कुठं लावता?" बरोबर होतं त्याचं.

घरी येऊन पाठवलं तोवर दुसऱ्या चॅनलच्या पोराने मोबाइलवर शूट करून, मोबाइलवरच कापून, यात्रा कधीच दाखवून टाकली होती. ज्यांना मी पॅकेज द्यायचो त्या डेस्कवरून फोन आला, "दादा, आता काय करायचं याचं?" काहीच नाही केलं. पैसेही नाहीत आणि पुढच्या दोन कामांना मला विचारलंही नाही. हप्ता मात्र वेळेवर कापला गेला.

त्या रात्री मी इथेच एक पोस्ट टाकली होती. काही जणांना आठवत असेल. 'रिव्ह्यू करणारे सगळे विकले गेलेत' असा सूर होता. दोनशेच्या वर लाईक आले, शिव्या देणारे सोबती मिळाले. तेवढ्यात इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने खाली विचारलं, "सर, तुम्ही कुठला रिव्ह्यू वाचला होता?"

मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबलो. कारण मी रिव्ह्यू वाचलाच नव्हता. मी तीन व्हिडिओ पाहिले होते. एकात खोकं उघडलं होतं, दुसऱ्यात कीबोर्डचे रंगीत दिवे दाखवले होते, तिसऱ्यात एक जण म्हणाला होता की 'बॅटरी डिसेंट आहे'. या 'डिसेंट'वर मी ७८ हजार दिले. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की सांगणाऱ्याला विचारा, तुला कसं कळलं. तो प्रश्न मी सरपंचाला विचारतो, तहसीलदाराला विचारतो. लॅपटॉपच्या व्हिडिओवाल्याला विचारला नाही.

मग बसलो आणि खरोखरचे रिव्ह्यू वाचले. म्हणजे जे लोक मशीन आणून मोजमाप करतात, आकडा देतात, आणि तो कसा काढला तेही लिहितात त्यांचे. इंग्रजी यथातथाच आहे, भाषांतर करून करून वाचले. माझ्या मॉडेलचा एक सविस्तर रिव्ह्यू सापडला. वर ठळक लिहिलेलं, बॅटरी सहा तासांच्या थोडी वर. मी म्हणालो, बघा, हेही खोटं. पण पान खाली सरकवत गेलो तर तळाशी एक तक्ता होता. त्यात 'पूर्ण लोड' अशी ओळ होती आणि समोर एक तास आणि काही मिनिटं.

माझ्या कपिलधारच्या सव्वा तासाचं उत्तर मी लॅपटॉप घ्यायच्या आधीपासून तिथे छापलेलं होतं.

आता भाच्याची एन्ट्री. पाटोदा तालुक्यातल्या गावचा, संभाजीनगरला कॉलेजला आहे, सुट्टीत आला होता. त्याला म्हटलं, आपण स्वतः मोजू. मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं, १०० टक्क्यांवर वायर काढायची, बंद पडेपर्यंत एकच काम करायचं. पहिल्या संध्याकाळी मी नुसतं टाइप केलं, बातम्या वाचल्या, मेल बघितले. दोन तास पस्तीस मिनिटांत संपली. हे तर सहा तासांच्या निम्मंही नाही. भाच्याने सेटिंग उघडली आणि हसायला लागला. "मामा, ह्याचं ग्राफिक्स कार्ड कायमच चालू ठिवलंय की ओ. तुमी नुसतं 'नमस्कार' टाइप केलं तरी ते जागंच."

झालं होतं असं की दुकानातल्या पोराने मशीन जोरात पळावं म्हणून सगळं 'परफॉर्मन्स'वर ठेवून दिलं होतं. अशा मशीनमध्ये दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरच्या पोटातलं, मवाळ, कमी खाणारं. दुसरं वेगळं कार्ड, पैलवान. साधं काम असेल तेव्हा पैलवानाला झोपवून मवाळाकडून काम करून घ्यायचं, अशी सोय असते. माझ्या मशीनवर ती सोय बंद होती. शिवाय स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा ताजी होत होती, ती भाच्याने ६० वर आणली. दुसऱ्या संध्याकाळी तेच काम, ब्राइटनेस निम्मा. पाच तास पन्नास मिनिटं.

रिव्ह्यूवाल्याचा सहा तासांचा आकडा मी माझ्या घरात, माझ्या हाताने जवळजवळ गाठला. तोंड पडलं.

तिसऱ्या संध्याकाळी मी कपिलधारला जसं वापरलं तसं वापरलं. एडिटिंग, ब्राइटनेस फुल्ल. सव्वा तास. चौथ्या संध्याकाळी भाच्याने गेम लावला, मोठ्या आनंदाने, मामाच्या संशोधनाला मदत म्हणून. ५२ मिनिटं. आणि तो बडबडत होता की वायर काढल्यापासून गेम अडखळायला लागलाय.

या आकड्यांचं गणित चौथीतल्या पोराला येईल एवढं सोपं आहे, फक्त ते आपल्याला कुणी सांगत नाही. माझ्या बॅटरीवर ६० वॉट-तास लिहिलंय. लाईट बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. म्हणजे माझ्या बॅटरीत एका युनिटचा सतरावा भाग मावतो. टाइप करताना मशीन दहाएक वॉट खातं, एका एलईडी बल्बएवढं. ६० भागिले १०, सहा तास. गेम खेळताना ते सत्तरच्या घरात जातं, छताच्या पंख्याएवढं. ६० भागिले ७०, तासही भरत नाही. बल्बही तोच लॅपटॉप आणि पंखाही तोच. कंपनी बल्बाचा आकडा छापते आणि पंखा विकते.

कुणी म्हणेल मोठी बॅटरी द्या. देतातही. महागड्या गेमिंग मशीनमध्ये ९९ वॉट-तासांची बॅटरी दिसेल. १०० च्या पुढे सहसा जात नाहीत, कारण विमानात विनापरवानगी सोबत नेता येणारी बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंतच. आपण एसटीने फिरतो, पण बॅटरीची मर्यादा विमानाची. आणि ९९ भागिले ७० केलं तरी दीड तासाच्या आतच येतं.

जाता जाता पॉवर बँकेचंही सांगतो, कारण 'वीस हजारवाली घ्या की' असा सल्ला मला चार जणांनी दिला. २० हजार एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-तास, त्यातही वाटेत गळती. आणि पॉवर बँकेने लॅपटॉपला टाइप-सी मधून किती वॉट देता येतात, लॅपटॉप ते घेतो का, हे दोन्ही बघावं लागतं. माझा घेत नाही.

आता मुद्द्याचं. व्यावसायिक रिव्ह्यू खरे असतात का?

माझं मत असं झालंय की मोजणारे खोटं मोजत नाहीत. त्यांची पद्धत उघड असते. नोटबुकचेकसारखी साइट वायफाय टेस्ट १५० निट्स एवढ्या ठरलेल्या उजेडावर घेते. पीसी मॅग मशीनमध्येच साठवलेला व्हिडिओ लावतं, ब्राइटनेस निम्मा, विमान मोड चालू, म्हणजे वायफायसुद्धा बंद. सगळ्या मशीनना एकच मापदंड, म्हणजे तुलना करता येते. तुलनेसाठी हे आकडे उत्तम आहेत. आपण चूक करतो ती तुलनेचा आकडा वचन म्हणून वाचायची. आपल्याला हे नवीन नाही. मोटारसायकलचं मायलेज पुण्याच्या एआरएआयच्या प्रमाणपत्रात जे असतं ते रस्त्यावर मिळत नाही, हे शोरूमच्या पायरीवरच आपण एकमेकांना सांगतो. लॅपटॉपच्या बाबतीत ती अक्कल अजून गावात पोचलेली नाही, एवढंच.

पण रिव्ह्यूवाल्यांना मी अगदीच सोडणार नाही. त्यांच्या टेस्टमध्ये जे नाही ते आमच्याकडेच जास्त घडतं. १५० निट्स उजेडावर खोलीत बसून वाचता येतं, कपिलधारच्या दरीत दुपारी बारा वाजता स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं. खोलीतलं वायफाय एका जागी स्थिर असतं, आमचं मशीन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, एक दांडी येणाऱ्या नेटवर्कशी झुंजत असतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जवळजवळ प्रत्येक रिव्ह्यूत एक वाक्य असतंच की गेमिंग लॅपटॉप शेवटी प्लगला लावूनच वापरायचा असतो. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या हाताशी प्लग आहे आणि प्लगमध्ये लाईट आहे. माझ्या भाच्याच्या गावात परीक्षेच्या आदल्या रात्री लाईट गेली तर त्याचा प्रोजेक्ट ५२ मिनिटांत करायचा का, हा प्रश्न त्या लिहिणाऱ्याला पडत नाही. त्याची चूक नाही. तो आमच्यासाठी लिहीतच नाही. आणि जे आमच्या भाषेत बोलतात, मराठी-हिंदीत, त्यांतले बहुतेक मोजत नाहीत.

दुसरी गोष्ट वेगाची. बॅटरीवर गेल्यावर हे मशीन हळू होतं, मुद्दाम. बॅटरी एका वेळी अडॅप्टरएवढा करंट देऊ शकत नाही, म्हणून प्रोसेसर आणि कार्डाची पत कमी केली जाते. एनव्हिडियाने २०१४ मध्येच 'बॅटरी बूस्ट' नावाची सोय आणली, ती गेमचे फ्रेम ३० वर रोखून बॅटरी वाचवते. नावात बूस्ट, कामात लगाम. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेलने जाहीरपणे आरोप केला की एएमडीचे लॅपटॉप वायर काढल्यावर बरेच मंद होतात, आणि वेगाचे आकडे मात्र वायर लावून दाखवले जातात. आता इंटेल काही परोपकारासाठी बोलत नव्हती, तिचा धंदा अडला होता. पण मुद्दा खरा होता. रिव्ह्यूत वेगाचा तक्ता वायर लावून काढतात, बॅकअपचा तक्ता वायर काढून. दोन्ही आकडे खरे, पण दोन्ही एकाच वेळी तुम्हाला कधीच मिळत नाहीत. वाचणारा मात्र दोन्हींची बेरीज करून मशीन घेतो. मी घेतला.

तिसरी गोष्ट वयाची. रिव्ह्यू होतो कोऱ्या मशीनचा. आम्ही ते चार-पाच वर्षं वापरतो, हप्तेच दोन वर्षं चालतात. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. गेमिंग मशीन स्वतः तापतं आणि आमचा मे महिना त्याला बाहेरून तापवतो. मी वर्षभराने तपासलं. विंडोजमध्ये काळ्या चौकटीत 'पॉवरसीएफजी'ची एक आज्ञा दिली की बॅटरीचा अहवाल निघतो, मूळ क्षमता किती आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर किती मावतं ते लिहून येतं. कुणाही पोराला सांगा, दोन मिनिटांत काढून देईल. माझी ६० ची ५३ झालीय. म्हणजे सव्वा तासाचा आता तास-सव्वा तासाच्या मध्ये कुठेतरी. भाच्याने आता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल अशी सेटिंग करून दिलीय, घरी प्लगला असताना तेवढंच बरं. बाहेर जायच्या आदल्या रात्री आठवणीने ती काढावी लागते. दोनदा विसरलोय.

कंपन्यांच्या दाव्यांचं सांगायचं तर हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ब्रिटनमधल्या 'विच?' या ग्राहक संस्थेने २०१७ मध्ये ६७ लॅपटॉप तपासले. बहुतेक कंपन्यांचा दावा प्रत्यक्षात उतरला नाही, काही मशीन तर सांगितलेल्याच्या निम्म्यावर संपली. दाव्याला पुरी उतरलेली एकच कंपनी निघाली, ॲपल. ही साधी मशीनं होती. गेमिंगची गोष्ट तर पुढची.

मी वकील मित्राला विचारलं, ग्राहक आयोगात जाता येईल का. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, केंद्रीय प्राधिकरणाला त्यासाठी दहा लाखांपर्यंत दंड करता येतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. (इथेही 'पर्यंत' आहेच.) जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल सविस्तर मार्गदर्शक सूचना आल्या. फुकट वस्तू घेऊन व्हिडिओ करणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे, हेही सरकारने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. ऑनलाइन ग्राहक-रिव्ह्यूंसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये बीआयएसने मानकसुद्धा काढलं. कागद भरपूर आहे. मित्राने खोकं हातात घेतलं, 'पर्यंत'वर बोट ठेवलं, शेजारची चांदणी दाखवली आणि खाली बारीक अक्षरातलं वाचून दाखवलं, की हा आकडा ठरावीक परिस्थितीतला आहे, वापरानुसार बदलेल. म्हणाला, "तू भांडशील, पण ते इथं उभे राहतील." आणि खरं सांगायचं तर दोन लाखांचा मुद्दा असता तर भांडलो असतो. ७८ हजारांसाठी तारखा करायची ताकद नव्हती.

भांडायचं असेल तर लेबलसाठी भांडावं असं मला वाटतं. फ्रिजवर तारे असतात, खाली वर्षाला किती युनिट जळतील ते लिहिलेलं असतं. युरोपात २० जून २०२५ पासून मोबाइल आणि टॅबलेटवर असं लेबल सक्तीचं झालंय. एका चार्जमध्ये किती तास-मिनिटं चालेल आणि किती वेळा चार्ज केल्यावर बॅटरी ८० टक्क्यांवर येईल, हे दोन्ही त्यावर असतं. लॅपटॉप अजून त्या लेबलात नाही. आपल्याकडे लॅपटॉपच्या खोक्यावर फक्त तीन आकडे छापायला लावले तरी माझ्यासारख्याचं भागेल. साधं काम करताना किती, पूर्ण जोर लावून किती, आणि दोन वर्षांनी किती. कारखान्यात हे सगळं मोजलेलं असतंच, तिथल्या लोकांना माहीत असतं. खासदार-आमदार ही पोस्ट वाचत असतील तर त्यांना विनंती की हा प्रश्न आमच्या बातमीएवढा छोटा नाही. बीडसारख्या जिल्ह्यातली किती पोरं बापाची सोयाबीन विकून ही मशीनं घेतायत, ते कुठल्याही दुकानात तासभर उभं राहून बघा.

एक गोष्ट राहिली, ती लिहू का नको असं झालं होतं. लिहितोच.

त्या दिवशी जे पॅकेज वेळेत पोचलं नाही, त्याची सुरुवात माझ्याच आवाजात अशी होती: 'लाखो भाविकांच्या उपस्थितीत...' ही ओळ मी आदल्या रात्री घरी बसून लिहिली होती. आदल्या वर्षीच्या कॉपीतून उचलून. भाविक किती आले हे मी कधी मोजलं नाही, कुणाला मोजताना बघितलं नाही, आणि 'तुम्हाला कसं कळलं' असं मला आजवर कुणी विचारलंही नाही. गर्दी प्रचंड असते, यात शंका नाही. दरी माणसांनी भरून जाते. पण एक लाख का दोन, का ऐंशी हजार? पार्किंगला किती जागा, पाण्याचे टँकर किती, तात्पुरते संडास किती, दवाखान्याची गाडी एक पुरेल का तीन लागतील, हे सगळं त्याच आकड्यावर ठरायला पाहिजे. आणि तो आकडा आम्ही पत्रकार दरवर्षी 'लाखो' असा लिहून मोकळे होतो. लॅपटॉपवाल्या रिव्ह्यूवरने निदान खाली तक्ता तरी दिला होता. माझ्या बातमीच्या खाली तक्ता नव्हता.

५ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा कपिलधारला गेलो. या वेळी लॅपटॉप घरी ठेवला. मोबाइलवर शूट केलं, मोबाइलवरच कापलं, फाट्यावर येऊन पाठवलं, वेळेत पोचलं. 'लाखो' लिहिलं नाही. सकाळी आठ ते नऊ, एकाच जागी उभं राहून, आत येणाऱ्या दिंड्या मोजल्या आणि तेवढंच सांगितलं. डेस्कवरून फोन आला, "दादा, एकूण गर्दीचा आकडा टाका ना." म्हटलं माझ्याकडे नाही. त्यांनी तो स्वतःच टाकला. किती टाकला ते ओळखा.

भाच्याला आता लॅपटॉप घ्यायचाय. ताईचा रोज फोन, "दादा, तूच सांग रे कंचा घ्यावा." त्याला गेमिंगचाच पाहिजे. मी त्याला रिव्ह्यूच्या तळाचा तक्ता काढायला लावलाय, तीन मॉडेलचा. त्याने काढला, वहीत लिहिला, आणि म्हणतो, "मामा, तिन्ही तासाभरात बंद पडायलेत. मग दिवे कुणाचे भारी ते बघू का?"

तर एक काम करा. तुमच्याकडे गेमिंग लॅपटॉप असेल तर खाली लिहा: खोक्यावर किती तास होते, तुम्हाला साधं काम करताना किती मिळतात, आणि गेम किंवा एडिटिंगला किती. मशीन किती जुनं आहे तेही लिहा. स्टॉपवॉच लावून मोजलेलंच लिहा, अंदाज नको. आठवडाभराने सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात करून इथेच टाकतो. मराठीत.

(बॅटरीचा अहवाल काढता येत नसेल तर इनबॉक्समध्ये विचारा. भाचा रविवारपर्यंत इथेच आहे.)